शब्दांची सरेंडर व्हॅल्यू

यावल तालुक्यातला एक मुलगा मध्यंतरी माझ्याकडे वही घेऊन आला. लाल कापडी पुठ्ठ्याची, दुकानदार खतावणीला वापरतात तसली जाडजूड. वर स्केचपेनने लिहिलेलं, ‘व्होकॅब – ३’. म्हणजे आधीच्या दोन भरून झाल्या होत्या. आत तीन रकाने: इंग्रजी शब्द, त्याचे दोन समानार्थी इंग्रजी शब्द, आणि मराठी अर्थ. अक्षर असं नेटकं की तलाठ्याच्या दप्तरातही सापडू नये. जळगावातल्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी तो पहाटे साडेपाचला खुर्ची धरतो, रात्री दहाला सोडतो. तिसरं वर्ष चालू आहे.

“सर, सेस्क्विपेडेलियनला काही ट्रिक आहे का? राहतच नाही डोक्यात.”

मी सांगितलं, लॅटिनमध्ये ‘सेस्क्वि’ म्हणजे दीड आणि ‘पेड’ म्हणजे पाऊल, आपलं ‘पद’च. दीड-दीड फुटी शब्द फेकणाऱ्याची टिंगल करायला इंग्रजीत हा शब्द आहे. तो ‘हो सर’ म्हणाला आणि ‘दीड फूट’ हे ट्रिकच्या रकान्यात लिहून मोकळा झाला. टिंगल त्याच्यापर्यंत पोहोचलीच नाही.

पुढचं पान उलटलं. तिथे ‘एन्कम्ब्रन्स’ होता. समोर ‘ऑब्स्टॅकल, हिंड्रन्स’ आणि मराठीत ‘अडथळा, ओझे’. मी विचारलं, “तुमच्या सातबाऱ्यावर बोजा आहे का?”

“आहे ना. सोसायटीचा आहे, बँकेचाही आहे.”

“मग तोच हा.”

तो थोडा वेळ वहीकडे बघत राहिला. मग हसला. म्हणाला, “हे कुणी सांगितलंच नाही, सर.” त्याच्या वडिलांनी गेली कित्येक वर्षं ज्या शब्दापायी झोप घालवली, तो शब्द पोराने तीन रकान्यांत तीनदा लिहिला होता आणि दोघांची गाठ पडली नव्हती.

तेव्हापासून डोक्यात एकच गोष्ट घोळते आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतली हजारो पोरं आज ‘ॲडव्हान्स्ड व्होकॅब्युलरी’च्या नावाखाली जे करताहेत, ते शब्दसंग्रह वाढवणं नाही. तो शब्दांचा साठा आहे, गोदामात पडलेला. आणि हा दोष पोरांचा नाही. गावाकडच्या मुलाला वाटतं, पुण्या-मुंबईच्या पोरापुढे टिकायचं तर आपल्याकडे भारी शब्द हवेत. घरात इंग्रजी नाही, बोलायला कुणी नाही, मग निदान यादी तरी पाठ असावी. यात मला हसण्यासारखं काही दिसत नाही. हसू येतं ते त्या गरजेवर दुकान थाटणाऱ्यांचं. ‘रोज २० शब्द, वर्षात ७,०००!’ हा हिशेब फ्लेक्सवर फार देखणा दिसतो. मुलगा गणितात हुशार असेल तर त्याला तो पटतोही.

या हिशेबातली गोम हेरमान एबिंगहाउस या जर्मन माणसाने १८८५ सालीच दाखवली होती. त्याने स्वतःवरच प्रयोग केले. अर्थ नसलेली अक्षरं जोडून त्यांच्या याद्या पाठ करायचा आणि किती वेळात किती विसरतो ते मोजायचा. निष्कर्ष असा, की पाठ केलेलं बरंचसं पहिल्या तास-दोन तासांतच गळून जातं. आमच्या अभ्यासिकेतल्या पोरांसाठी ‘ऑब्सिक्विअस’ किंवा ‘पर्फन्क्टरी’ ही अशीच अर्थ नसलेली अक्षरं आहेत. समोर ‘लाळघोट्या’ असं मराठीत लिहिलं म्हणून त्यांत जीव येत नाही. शब्द ज्या वाक्यात राहतो, ज्या माणसाच्या तोंडी शोभतो, ते सगळं मागे ठेवून नुसता शब्द उचलून आणला, तर तो रोप उपटून मुळावरची माती झटकून आणल्यासारखा होतो.

आता थोडं लांबचं, पण आपलंच सांगतो. मायकल वेस्ट नावाचा एक इंग्रज शिक्षणाधिकारी बंगालात होता, ढाक्याला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची गोष्ट. त्याने पाहिलं की बंगाली मुलं चार-पाच वर्षं इंग्रजी शिकतात, मग शाळा सुटते आणि हाती काहीच राहत नाही. ना बोलता येत, ना वाचता. द्वैभाषिकतेवरचा त्याचा अहवाल १९२६ साली छापला गेला. त्यात त्याने विम्याच्या धंद्यातला एक शब्द शिक्षणात आणला: सरेंडर व्हॅल्यू. हा शब्द आपल्याकडे समजावून सांगावा लागत नाही. पॉलिसी मधेच मोडली तर हातात काय पडणार, हे विचारूनच आपला माणूस सही करतो. वेस्टचं म्हणणं होतं की अभ्यासक्रमालाही हाच प्रश्न विचारा. मुलगा मधेच बाहेर पडला तर त्याच्या हाती काय उरेल? त्याचं उत्तर होतं, वाचता येणं. इंग्रजी वाचता येत असेल तर शाळा सुटल्यावरही माणूस ते वापरत राहतो, वाढवत राहतो.

हाच प्रश्न त्या लाल वहीला विचारून बघा. अभ्यासिकेत बसणाऱ्यांतले बहुतेक जण कधी ना कधी पॉलिसी मोडूनच बाहेर पडतात. जागा मोजक्या, पोरं अमाप, हे आपण सगळे जाणतो. कुणी शेतीकडे वळतो, कुणी मेडिकल टाकतो, कुणी बँकेचा बीसी पॉइंट, म्हणजे गावातलं व्यवहार केंद्र, चालवतो. त्या दिवशी ‘व्होकॅब – ३’ची सरेंडर व्हॅल्यू किती? रद्दीचा भाव, किलोवर.

मग कोणते शब्द हवेत? वेस्टनेच पुढे १९५३ साली सुमारे २,००० शब्दकुटुंबांची यादी प्रसिद्ध केली. शब्दकुटुंब म्हणजे ‘डेव्हलप, डेव्हलपर, डेव्हलपमेंट’ हे सगळे एका घरचे, मोजताना एकच. एवढ्या शब्दांत साधारण इंग्रजी मजकुराचा ऐंशी टक्के भाग येतो. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण उरलेले वीस टक्के म्हणजे दर पाच शब्दांमागे एक अडलेला. तीनशे शब्दांच्या पानावर साठ वेळा ठेच. असं पान कुणी दुसऱ्यांदा हातात घेत नाही. न्यूझीलंडच्या पॉल नेशन यांनी २००६ साली हिशेब मांडला, की कुणाच्या मदतीशिवाय पुस्तक किंवा वर्तमानपत्र वाचायचं तर अठ्ठ्याण्णव टक्के शब्द ओळखीचे लागतात आणि त्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात. म्हणजे दोन हजारांच्या पलीकडे आणि नऊ हजारांच्या अलीकडे जो पट्टा आहे, तिथेच खरी लढाई आहे.

आमची पोरं या मधल्या पट्ट्यावरून थेट उडी मारतात. ‘गुड, बॅड, हॅपी’ येतं आणि एकदम ‘सेस्क्विपेडेलियन’. मधलं रान मोकळंच. तिथे कोण राहतं? ‘अझ्यूम’, ‘डिराइव्ह’, ‘एस्टिमेट’, ‘सिग्निफिकंट’, ‘सब्सिक्वेंट’. एव्हरिल कॉक्सहेड या संशोधिकेने २००० साली अशा ५७० शब्दकुटुंबांची यादी केली. कुठल्याही शाखेच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात दर दहा शब्दांमागे साधारण एक यातला असतो. या शब्दांना रुबाब नाही. फ्लेक्सवर छापण्यासारखं त्यांच्यात काही नाही. मुलाखतीत कुणी ‘वा’ म्हणत नाही. पण कर्जाच्या कागदावरचा ‘लायेबल’, विम्याच्या पत्रावरचा ‘एक्सक्लूजन’, औषधाच्या चिठ्ठीवरचा ‘प्रायर टू’ हे सगळे याच मधल्या पट्ट्यातले. आणि तिथेच आमचा बी. ए. झालेला मुलगा अडतो, मोबाइल काढतो, भाषांतर करून घेतो आणि तरी त्याला वाक्य लागत नाही.

समानार्थी शब्दांच्या रकान्याविषयी माझा राग वेगळा आहे. समानार्थी असं काही नसतं. मराठीतच बघा. सडपातळ, शेलाटा, काटकुळा, किडमिडीत. कोशात चौघे शेजारी बसतील. पण मुलीच्या बायोडेटात ‘बांधा किडमिडीत’ असं आजवर कुणी लिहिलंय का? घरातली म्हातारीही हा फरक चुकणार नाही, आणि तिला तो कुणी रकान्यात शिकवलेला नाही. इंग्रजीत ‘स्लिम’ आणि ‘स्किनी’ यांत नेमकं हेच अंतर आहे. ‘चाइल्डलाइक’ आणि ‘चाइल्डिश’ यांतही: एकात निरागसपणा, दुसऱ्यात पोरकटपणा. वहीत मात्र दोन्ही जोड्या बरोबरच्या चिन्हाने बांधलेल्या असतात. शब्द कुणाबरोबर जातो हेही तसंच. आपण भाकरी थापतो, पोळी लाटतो, वांगं भाजतो, मिरची ठेचतो. कुणी भाकरी लाटली म्हणालं तर आपण समजतो की स्वयंपाकघराशी याचा संबंध नाही. इंग्रज ‘स्ट्रॉंग टी’ पितो पण पाऊस त्याचा ‘हेवी’ असतो. आपल्याकडे चहाही कडक, ऊनही कडक, थंडीही कडक. हे असं का, याला उत्तर नाही. शब्द ज्या सोबत्यांबरोबर हिंडतो, त्यांच्यासकटच तो घरात घ्यावा लागतो.

मी हे शहाणपण सांगतोय, पण मीही त्याच वहीतून वर आलोय. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला गेलो तेव्हा ‘प्लेथोरा’ हा शब्द मी खिशात घालूनच गेलो होतो, संधी मिळाली की काढायचा. समितीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी गावाविषयी विचारलं. मी म्हणालो, आमच्या भागात केळ्यांचा ‘प्लेथोरा’ आहे. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, “इतकी जास्त? मग त्रास होतो का?” तेव्हा कळलं की या शब्दात नुसतं ‘भरपूर’ नसून ‘वाजवीपेक्षा जास्त’ आहे. जुन्या वैद्यकात अंगात रक्त फाजील झालं की त्या दुखण्याला हेच नाव होतं. नोकरी दुसऱ्या कारणाने गेली असेल. मी आजवर प्लेथोरालाच धरून बसलोय. गंमत म्हणजे त्या वर्षी केळीचा भाव असा पडला होता की शब्द बरोबरच होता. फक्त मला ते माहीत नव्हतं.

आता उलट बाजूने बघा. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात कुठल्याही बांधावर उभे राहा. दहावी नापास शेतकरी सहज बोलून जातो: लॅटरल चोकअप झाली, व्हेंच्युरी बदलली, फर्टिगेशनचं शेड्यूल चुकलं, सिगाटोका आला, ड्रेंचिंग करावं लागेल. टिश्यू कल्चरच्या ‘ग्रँड नैन’चं नाव त्याच्या तोंडात इतकं बसलंय की तो शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ ‘मोठी बुटकी’ असा होतो हे ऐकून तो नुसता मान हलवतो. ट्रॅक्टर घेतलेल्या प्रत्येकाला ‘हायपोथिकेशन’, म्हणजे वाहनावरचा कर्जाचा बोजा, हा शब्द येतो, कारण तो आरसी बुकातून उतरवायला त्याने चार चकरा मारलेल्या असतात. हा शब्द कुठल्याही व्होकॅबच्या यादीत ‘कठीण’ म्हणूनच बसेल. मग या माणसाला तो कसा आला? शब्द त्याच्या कामात आला, पुन्हा पुन्हा आला, आणि दर वेळी त्याच्याबरोबर पैसे आले किंवा गेले.

इथे बहिणाबाईंचं नाव घेणं फार सोपं आहे, म्हणून घेत नाही.

आपल्या भाषेचा इंग्रजी शिकताना उपयोग किती, हे मात्र सांगायलाच हवं. इंग्रजीच्या तासाला मराठी बोललात तर दंड, अहिराणी बोललात तर वर्गभर हशा, असा काळ मी पाहिलाय आणि तो पुरता गेलाय असं नाही. राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आली, पण तिला घरच्या भाषेजवळ बसू दिलं नाही. साक्री-शिरपूरच्या पोराला ‘आय ॲम गोइंग’ शिकवताना आपण ‘मी जात आहे’ असं लिहितो. त्याच्या घरी कुणी तसं बोलत नाही. घरी म्हणतात, ‘मी जाई राहिनू’. म्हणजे चालू असलेली क्रिया दाखवायला वेगळा शब्द जोडायची रीत त्याच्याकडे आधीच आहे. ती वापरू दिली तर एक पूर्ण तास वाचेल.

शब्दांचंही तसंच. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवरून ज्याला उतरवतात ते ‘जू’. हे संस्कृत ‘युग’मधून आलं. इंग्रजीत तेच ‘योक’, आणि लॅटिनच्या वाटेने तेच ‘कॉन्जुगल’मध्ये बसलंय, म्हणजे एका जुवाला जुंपलेल्या दोघांचं. लग्न झालेल्या कुणालाही हे सांगितलं की शब्द विसरला जात नाही. ‘इग्नाइट’मध्ये अग्नी आहे, ‘डेंटल’मध्ये दंत, ‘डोनेट’मध्ये दान, ‘मॉर्टल’मध्ये मृत्यू. ही ओढूनताणून जुळवलेली ट्रिक नाही. या भाषांचं मूळच एक आहे. आणि कर्ज एकतर्फीही नाही. इंग्रजीतला ‘मंगूस’ आपल्या मुंगसावरूनच गेलाय. संस्कृतोद्भव मराठी ज्याची पक्की, त्याच्या हातात इंग्रजीच्या निम्म्या दालनाची किल्ली असते. दुर्दैव असं, की सेमी आणि फुल इंग्लिशच्या घोळात आमच्या मुलांचं मराठीच पातळ होत चाललंय. ‘निरागस’ आणि ‘पोरकट’ यांतला फरक ज्याला मराठीत सांगता येत नाही, त्याला ‘चाइल्डलाइक’ आणि ‘चाइल्डिश’ कितीही वेळा लिहायला लावा.

यावर नेहमीचा आक्षेप येतो: सर, हे सगळं खरं, पण परीक्षेत तेच विचारतात. मान्य. स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षेत समानार्थी, विरुद्धार्थी, वाक्प्रचार, एका शब्दात सांगा, हे प्रश्न अजून आहेत. त्या मार्कांवर पोटापाण्याचा प्रश्न ठरतो, तेव्हा यादी करूच नका असं सांगायला मी कुणी महात्मा नाही. शेवटच्या तीन-चार महिन्यांत जुन्या प्रश्नपत्रिकांतले शब्द जरूर घोटा. चिठ्ठ्यांचे पाच कप्पे करा, आलेला शब्द पुढच्या कप्प्यात, चुकलेला पहिल्यात. १९७० च्या दशकातली ही लाइटनरची पद्धत अजूनही चालते. पण त्याला परीक्षेची तयारी म्हणा, शब्दसंग्रह म्हणू नका. ज्या परीक्षांनी या खेळाला जन्म दिला, त्यांनीच तो मोडत आणलाय. अमेरिकेतल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या जीआरई परीक्षेने २०११ साली विरुद्धार्थी शब्द आणि शब्दसंबंध काढून टाकले. तिथल्याच कॉलेज प्रवेशाच्या एसएटीने २०१६ साली सुट्या वाक्यातली गाळलेली जागा बंद केली. रोख असा, की नुसती यादी घोकण्यापेक्षा वाक्यात शब्द समजणं मोजावं. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेतला सक्तीचा इंग्रजी पेपर ३०० मार्कांचा असतो, पंचवीस टक्क्यांना सुटका. त्यात उतारा वाचायचा, सारांश लिहायचा, निबंध लिहायचा. राज्यसेवाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली. सारांश लिहिताना लाल वही कामाला येत नाही. तिथे दुसऱ्याचं वाक्य समजून आपल्या साध्या वाक्यात उतरवावं लागतं.

म्हणून माझी तक्रार पोरांकडे कमी आणि आपल्या सगळ्यांकडे जास्त आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालचा. अ, ब, क, ड वर्ग आहेत, अनुदान आहे, गावोगावी पाट्या आहेत. तुमच्या जवळच्या ग्रंथालयात जाऊन इंग्रजीचं कपाट उघडून बघा. एक तर ते कुलपात असेल, नाहीतर त्यात गाइडं आणि कुणीतरी दान दिलेली जाडी कायद्याची पुस्तकं असतील. पाचशे, हजार, दोन हजार शब्दांत लिहिलेली, पायरी-पायरीने चढत जाणारी गोष्टींची पुस्तकं जगभर मिळतात. वेस्टने स्वतः अशी पुस्तकं तयार केली होती, तीही भारतातल्या मुलांसाठी. अशा शंभर पुस्तकांना लागणारा पैसा गावातल्या एका वाढदिवसाच्या फ्लेक्सबाजीपेक्षा जास्त नसेल. आमदार निधीतून अभ्यासिका उभ्या राहताहेत, हे चांगलंच. एसी बसतो, वायफाय येतं, खुर्च्या फिरत्या येतात. पुस्तकं कुणी मागत नाही, कारण अभ्यासिकेत येणारा प्रत्येक जण आपली वही घेऊन येतो.

अमळनेरच्या वसतिगृहात साने गुरुजी मुलांसाठी हाताने लिहिलेलं दैनिक काढत असत. छपाई नाही, निधी नाही. मुलांना रोज उठल्यावर वाचायला नवीन काहीतरी मिळावं, एवढंच. आज इंग्रजीचा एखादा शिक्षक वर्गाच्या फळ्यावर रोज आठ ओळी लिहू लागला, गावातल्याच गोष्टींवर, साध्या इंग्रजीत आणि त्यात मधल्या पट्ट्यातले दोन शब्द घालून, तर कुठल्याही क्रॅश कोर्सपेक्षा पोरांना जास्त मिळेल. मी स्वतः दोन वर्षं हे केलं आणि मग आळस केला. पुन्हा सुरू करायला हवं.

तो यावलचा मुलगा परवा पुन्हा आला होता. या वेळी वही नव्हती, मोबाइलमध्ये दोन प्रश्न होते. पहिला, पिलबागेला इंग्रजीत काय म्हणतात. मी ‘रॅटून’ सांगितलं. उसाच्या खोडव्यालाही तोच शब्द. दुसरा, कांदेबागेला काय म्हणतात.

कांदेबागेला इंग्रजी शब्द नाही. मी म्हणालो, ‘कांदेबाग’ असंच लिही आणि पुढे एका वाक्यात सांग की ते काय असतं. तो बाकावर बसला, तीनदा खोडलं, आणि पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला लावतात ती केळी, असं एक सरळ इंग्रजी वाक्य माझ्यापुढे धरलं. ‘ड्युरिंग’ लिहावं की ‘टुवर्ड्स द एंड ऑफ’, यावर आम्ही दोघं चहा गार होईपर्यंत वाद घालत बसलो.